धन्यवाद म्हणेपर्यंत

साल्तो शहरापाशी नदी फुगली होती आणि पुराचा अंदाज सांगणारं आमचं यंत्र बरळत होतं. एकदा म्हणे पाणी चौदा मीटर चढणार. तेच उत्तर पुन्हा वाचलं तर उणे तीन. यंत्रातली आकडेमोडीची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, मी आणि फाब्रिसियोने लिहिलेली. पूरसमितीचा एबेर हातात माते या पाल्याच्या कडू चहाचा पेला धरून उभा होता.

"नीबियाबाई, नक्की सांगा. गेल्या वर्षी मी काठची वस्ती हलवली आणि पाणी आलंच नाही. यंदाही खोटा पडलो, तर पुन्हा कोणी दार उघडणार नाही."

"गणित चुकलेलं नाही, नंतर वाचताना आकडा बदलतोय," मी छातीठोकपणे म्हणाले.

"मग सगळ्याच आकड्यांच्या नकला काढून ठेवू," फाब्रिसियो म्हणाला.

"म्हणजे मेमरी भरून यंत्रच बसेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!" मी एबेरकडे वळले. "हे बघ, आकडे एकाच जागी असतात. वाचणाऱ्याला आम्ही नक्कल नाही, नुसती खिडकी देतो. जागेचा मालक वेगळा. त्याचं काम संपलं की तो जागा सोडतो आणि तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसतं."

"आणि खिडकीशी कोणी असेल तर? म्हणजे मी धन्यवाद म्हणायच्या आधीच तुम्ही पाला फेकलात!"

अगदी तसंच. आमच्याकडे पेला परत देताना धन्यवाद म्हटलं, म्हणजे 'आता आणखी नको'. तोवर ओतणारीने पाला टाकायचा नसतो.

फाब्रिसियोची नवी खिडकी मालकाला धरूनच ठेवत नव्हती.

"वेग वाढवायला काढलं होतं मी ते," तो पुटपुटला.

"वाढला हो वेग! उणे तीनपर्यंत पोचलो."

दुरुस्ती एका ओळीची होती. मग कितीही वेळा वाचलं तरी चौदाच.

"शब्द देता?" एबेरने विचारलं.

"दिला."

पेला टेबलावर ठेवून तो धावला.

संध्याकाळी काठची घरं खिडक्यांपर्यंत बुडाली. फाब्रिसियो पेला धुवायला उठला.

"ठेव तो. एबेर धन्यवाद म्हणालेला नाही."

"पार गार झालंय, बाई."

"होऊ दे." आकड्याची मला खात्री होती, पण एबेरच्या काळजीने जीव टांगणीला लागला होता.

तो आला तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. "शिव्या घातल्या, पण दारं उघडली. सगळी." गार माते त्याने शेवटच्या घोटापर्यंत ओढलं आणि पेला माझ्या हातात दिला.

"धन्यवाद, बाई."

मग मी पाला टाकला.