तिची बॅग केबिनमध्ये पोचली

चष्म्याच्या दुकानातून फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या बॅगेची मूठ शिवत होतो. दुकानदार म्हणाला, "तुमच्या मिसेस इथे खुर्चीवर बसल्यात, पण उठत नाहीयेत."

मी म्हणालो, "तिला वेळ लागतोच. अजून दोन-चार फ्रेमा घालून बघेल."

तो म्हणाला, "तुम्ही याच."

सुई मुठीतच राहिली. मी पोचलो तेव्हा समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले होते. नवा चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. समुद्र नीट दिसावा म्हणून तिने तो खास बोटीच्या सहलीसाठी केला होता.

माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. चेन, चाकं, मुठी, कुलपं, सगळं करतो. लोक जगभर हिंडून येतात आणि मोडक्या बॅगा माझ्याकडे टाकतात. आम्ही दोघं मात्र कुठे गेलो नव्हतो. मोठ्या बोटीवरची सहल तिनेच ठरवली, मुलीकडून बुकिंग करून घेतलं आणि निघायला महिना असतानाच दोघांच्या बॅगा भरून दाराशी उभ्या केल्या. भरलेली बॅग दिसली की मला राहवत नाही. वाटतं, उघडावी आणि परत आपल्या हाताने लावावी. तिला ते ठाऊक होतं. त्या दिवशी चष्मा आणायला निघताना चपला घालत म्हणाली, "बॅगांना हात लावायचा नाही हं. मी नीट लावल्यात."

आमचं शेवटचं बोलणं हे.

मी दुकानात येणाऱ्या जोडप्यांना एक गोष्ट नेहमी सांगतो. निम्मे कपडे एकमेकांच्या बॅगेत टाका, म्हणजे एक बॅग हरवली तरी दोघांचं भागतं. ती डबा घेऊन आलेली असली की गिऱ्हाइकासमोरच हसायची. "लोक तुमच्याकडे चेन बसवायला येतात, संसार शिकायला नाही."

मला जायचंच नव्हतं. पण मुलगी म्हणाली, "बाबा, तिकिटावरचं नाव बदलून मिळतंय. आत्याला घेऊन जा. घरात नुसत्या येरझारा घालताय, त्या तिकडे घाला."

माझी थोरली बहीण रुग्णालयात परिचारिका होती. बोलायला फटकळ. मी एका जागी बसत नाही म्हणून लहानपणापासून मला भिंगरी म्हणते. निघायच्या दिवशी टॅक्सीत तिसरी बॅग बघून तिने माझ्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं गिळलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला."

बंदरावर ही गर्दी. बोट कसली, इमारतच होती आडवी-उभी, वर बघून मान दुखावी अशी. ताई कागदपत्रांच्या रांगेत उभी राहिली आणि मी बॅगा हमालांकडे द्यायला गेलो. केबिनचा नंबर छापलेल्या चिठ्ठ्या मुलीने दिल्या होत्या, त्या मुठींना बांधल्या. मग फोटो काढला, गळ्यात कार्ड अडकवलं आणि आत सोडलं.

आत गेल्यावर कळलं की खोली एवढ्यात मिळत नाही. मग सगळे जेवणाच्या हॉलकडे धावतात. ताटात केक आणि कोशिंबीर एकत्र घेऊन माणसं जागा शोधत होती. मला भूक नव्हती. मी जिने चढलो, उतरलो. पोहण्याचा तलाव बघितला, बँडवाले बघितले, बाराही महिने रात्र असावी असा जुगाराचा हॉल बघितला. प्रत्येक मजल्यावर तोच लांब बोळ, तीच दारं. गालिच्यावर मासे काढलेले. सफाईवाला म्हणाला, "माशांची तोंडं ज्या बाजूला, ती बोटीची पुढची बाजू. चुकलात तर खाली बघा." मी खाली बघतच चालत राहिलो.

मग भोंगा झाला. सगळ्यांना ठरल्या जागी गोळा करून बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकवतात. एक मुलगी केबिनचे नंबर पुकारत होती. आमचा नंबर आला. "दोघं आहात ना?"

मी म्हणालो, "ती येतेय. घराचं कुलूप ओढून बघत असेल."

"मी इथेच आहे," ताई शेजारून म्हणाली आणि माझा हात दाबून धरला.

बोट सुटली तेव्हा सगळे कठड्याशी जाऊन हात हलवत होते. मला कोणाला हात करायचा ते कळेना.

संध्याकाळी केबिनच्या दाराशी दोन बॅगा उभ्या होत्या. माझी आणि तिची.

"माझी कुठाय?" ताईने विचारलं.

केबिनमध्ये गारठा होता. छतातून गार वारा येतो, बटण फिरवलं तरी पुरता थांबत नाही. ताईच्या अंगावर पातळ सुती कपडे. तिची छाती आधीच नाजूक. मी तसाच खाली चौकशीच्या टेबलाशी गेलो.

तिथल्या बाईने विचारलं, "बॅगेला चिठ्ठी होती ना?"

"मीच बांधली," म्हणालो, आणि तिथेच उलगडलं. चिठ्ठ्या दोनच होत्या. एक माझ्या नावाची, एक ताईच्या. पण हाताला माझी बॅग आणि तिची बॅग एवढंच माहीत. ताईची बॅग चिठ्ठीविना गेली होती.

"बिनचिठ्ठीच्या बॅगा तळमजल्यावर जमा होतात. तपासून सकाळपर्यंत पाठवतो," बाई म्हणाली.

वर येऊन ताईला सांगितलं. ती टॉवेल पांघरून पलंगावर बसली होती. त्याच टॉवेलाचा कोणीतरी घडी घालून हत्ती केला होता, तो तिने मोडला होता.

"अरे भिंगरी," ती म्हणाली, "मी अजून जिवंत आहे रे."

मग स्वतःच हसली आणि हसताहसता खोकली. खोकला थांबेना. पाणी दिलं.

"हिच्यात स्वेटर असेल की," ती भावजयीच्या बॅगेकडे बघत म्हणाली. "ती काही स्वेटरशिवाय निघणारी नव्हती. उघड."

"नंबरचं कुलूप आहे. नंबर तिलाच माहीत."

"दुनियेची कुलपं उघडतोस ना? मला शिकवतोस?"

मी बाहेर गेलो. डेकवर एक फेरी मारली, दुसरी मारली. लोक आरामखुर्च्यांत पाय पसरून पडले होते. पाणी काळं होत चाललं होतं. एकदा उघडली की घड्या मोडणार. ताईने काही घेतलं तर तिथे खळगा पडणार, आणि तो बघितला की माझे हात गप्प बसणार नाहीत. सगळं काढून मी माझ्या पद्धतीने लावणार. तिने लावलेलं एवढंच शिल्लक होतं. पण आत बहीण कुडकुडत होती. तिला काही झालं तर मुलीला काय तोंड दाखवू?

परत आलो. गुडघे टेकून तिच्या बॅगेशी बसलो. कुलपाच्या चकत्यांवर अंगठा ठेवला. अशी कुलपं मी बोटांनीच उघडतो, न बघता. पहिली चकती सैल लागली. हात मागे घेतला.

"माझा स्वेटर घाल," म्हणालो, आणि माझी बॅग पुढे ओढली. तीही घरून निघताना मी उघडली नव्हती. चेन ओढली.

एका बाजूला माझे शर्ट, दुसऱ्या बाजूला तिचे कपडे. दोन नवे ड्रेस, एक रुमाल आणि वर हिरवा स्वेटर, बाह्या पाठीमागे दुमडून, ती दुमडायची तसा.

मला हसणारी माझं ऐकूनच बसली होती.

ताई पलंगावरून उठून शेजारी येऊन बसली. "तुझ्या बॅगेत तिचे कसे?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने स्वेटरची बाही हाताने चाचपली. मग म्हणाली, "देतोस का? नसेल द्यायचा तर टॉवेल बरा आहे."

मी स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला. बाह्या तोकड्या पडल्या. "ती बारीकच होती मेली," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून नाक पुसू लागली.

सकाळी ताईची बॅग आली. तिने तो स्वेटर घडी करून मला परत दिला. घडी तिची, परिचारिकेची, चौकोनी. तशीच ठेवलीय.

आज बंदर आहे, सगळे उतरतायत. ताई दाराशी उभी राहून म्हणतेय, "तोच शर्ट किती दिवस घालणार आहेस?" माझ्या बॅगेतले शर्ट संपलेत. उरलेले तिने तिच्या कुलूपबंद बॅगेत लावलेत, आणि ती उघडायची राहिली आहे.