कवडीचे डाग

मी एक ओढणी बोलतेय. रेशमाची, हाताने रंगवलेली. सुरुवातीलाच माफी मागून घेते. माझ्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले सापडतील आणि शब्दही साधेच असतील, कारण ते लिहून देणारा नौशाद आठवीतच शाळेतून बाहेर पडला. आपल्या ‘हातरंग’ ग्रुपवर त्याने आजवर अंगठ्याच्या खुणेपलीकडे फारसं काही टाकलेलं नाही. पण ग्रुपचा नियम आहे, की रविवारी ज्याची पाळी असेल त्याच्या वस्तूने स्वतःची गोष्ट सांगायची. नौशादची पाळी तीनदा आली आणि तीनदा त्याने ती पुढे ढकलली. या वेळी सांगायचंच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझा फोटो पाहिलाय, आणि त्या फोटोत जे दिसत नाही ते सांगितल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही.

डोणगावला नौशादच्या अब्बांचं, शकूर पिंजाऱ्यांचं, गाद्या भरायचं टिनाचं शेड आहे. शेडमध्ये कापूस पिंजायची मशीन. तिच्यातून उडालेला कापूस पत्र्यावर, वायरींवर, शकूरमियांच्या भुवयांवर बसलेला असतो. अशा जागी रेशमाने काय करायचं, असं मलाही आधी वाटलं होतं.

नौशाद दोन वर्षं औरंगाबादला साड्या रंगवणाऱ्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो रंगाच्या आठ बाटल्या, तीन ब्रश आणि थोडं पांढरं रेशीम घेऊन घरी आला. त्या रेशमातली मी. शेडच्या मागच्या कोपऱ्यात त्याने लाकडाची चौकट ठोकली आणि बारीक टाचण्यांनी मला तिच्यावर ताणलं. मग डिंकासारख्या घट्ट द्रवाची रेघ ओढत कडुलिंबाची पानं काढली. रंग रेघेपर्यंत पळत येतो आणि थांबतो. रेघेत केसाएवढी फट राहिली तरी तो पलीकडे जातो, म्हणून नौशाद श्वास रोखून रेघ ओढतो. माणसांशी बोलताना तो अडखळतो, पण रेशमावर त्याची रेघ कधी अडखळत नाही.

एक सांगते. त्याने मला कधी स्वतःच्या खांद्यावर घेतलं नाही. पुरुषाने रेशीम अंगावर घेऊ नये, असं त्यांच्या घरात मानतात. रंग कसा पडतो ते पाहायचं असलं की तो मला खिडकीजवळच्या दोरीवर टाकतो आणि चार पावलं मागे जातो.

मशीन बंद असताना नौशादने रंगवायचं, असं बापलेकांत ठरलेलं होतं. जानेवारीतली ती दुपार मात्र ठरल्याप्रमाणे गेली नाही. मी नुकतीच निळ्या-हिरव्या रंगाने ओली झाले होते, आणि दारात गीताबाई दोन पोती घेऊन उभ्या राहिल्या. उकंडराव शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांचं वावर, म्हणजे शेत, गावाबाहेरच्या नाल्याला लागून आहे.

“शकूरभाऊ, दोन गाद्या भरून द्या.”

शकूरमियांनी पोत्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. “हे काय आणलं वो? ही तं निरी कवडी.”

कवडी म्हणजे अळीने खाल्लेल्या बोंडातला कापूस. पिवळा पडलेला, गुठळ्या झालेला. ते बोंडअळीचं साल होतं. बीटी बियाण्याच्या बोंडाला अळी शिवत नाही असं इतकी वर्षं सगळे सांगत होते, आणि त्या साली बोंड उघडलं की आत गुलाबी अळी सापडायची.

“व्यापारी म्हणते, पोतं उघडूच नको, बाकीच्या मालाले लागंन,” गीताबाई म्हणाल्या. “मंग म्हटलं, इकता येत नाही तं निजता तं येते त्याच्यावर.”

“मशीनचे दात जातीन माह्या.”

“अन् माहा गेला तो? हे पाहा.” त्यांनी तोंड उघडून पुढच्या दाताची खिंड दाखवली. शकूरमिया हसले, आणि हसले म्हणूनच फसले. मशीन सुरू झाली.

ब्रश धुवायला मागे गेलेला नौशाद धावत आला तोवर पिवळट तंतूंचा धुरळा माझ्यावर बसला होता. ओल्या रेशमावरचा कापूस उचलता येत नाही, उचलला की रंग फरफटतो. मी वाळेपर्यंत तो समोर उकिडवा बसून राहिला. मग एकेक तंतू चिमटीने काढला. तंतूंनी माझा रंग पिऊन घेतला होता. जिथे तंतू होता तिथे झाडाच्या मुळांसारख्या फिकट रेषा उठल्या होत्या, आणि त्या रेषांच्या मधोमध कवडीचा डाग उतरला होता. पिवळा, कडेला गुलाबी झाक. रंग तरी पक्का होऊ दे म्हणून त्याने मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून भगुन्यात वाफवलं. मग ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “खराब झाली.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलं. संध्याकाळपर्यंत फोन तापला. कोणी विचारलं, ही पद्धत कोणती? कोणी म्हणालं, नौशाद सर, एक कार्यशाळा घ्या. सर! तो शब्द त्याने बोटांनी मोठा करून पाहिला. गावात त्याला ‘पिंजाऱ्याचा मुका’ म्हणतात.

नागपूरच्या सत्यभामाबाईंनी हा ग्रुप सुरू केला. त्यांनी तर स्वतःचा आवाजच पाठवला. “अरे, खराब काय म्हणतोस? चाळीस वर्षं माझे हात रंगात आहेत, असं काही पाहिलं नाही मी. मला अशाच सहा हव्यात. पुढच्या जानेवारीत प्रदर्शन आहे, मधली भिंत तुझी. जमेल ना?”

नौशादने तो आवाज सात वेळा ऐकला आणि लिहिलं, “हो.”

आठ दिवसांत सत्यभामाबाईंकडून सहा ओढण्यांचं पांढरं रेशीम घरी येऊन पडलं.

तोवर कवडी गाद्यांत भरून, शिवून गेली होती. नौशादने रेशमाच्या तुकड्यावर चांगला कापूस उडवून पाहिला. रेषा आल्या, पण मधला डाग आला नाही. चहाचं पाणी शिंपडलं, हळद लावली, डाळिंबाची साल उकळली. डाग पडले, पण ते ओढणीवर काहीतरी सांडल्यासारखे दिसत होते. सत्यभामाबाई विचारायच्या, “पहिली झाली का रे?” तो लिहायचा, “चालू आहे.”

तसे महिने गेले. पेरण्या झाल्या. आता नौशादला नवीनच खोड लागली. रंग जुळवायच्या निमित्ताने तो मला कापडी पिशवीत घालून गावभर फिरायचा, आणि जन्मात कोणाशी न बोलणारा हा मुलगा ज्याला त्याला विचारायचा, यंदा अळी आहे का?

पानठेल्यावर कडूबा म्हणाला, “काऊन बे, कृषी खात्यात लागला का तू? दोन वर्सात तोंडातून हू निंघालं नाही, अन् आता अळीची चौकशी!”

सगळे हसले. “नाही बाप्पा,” बाकावरचा एक जण म्हणाला, “यंदा कापसाची पऱ्हाटी निर्मळ आहे.”

पिशवीवरची नौशादची मूठ सैल पडली. ज्या उत्तराने बाकावरची माणसं सुखावली, त्याच उत्तराने तो खट्टू झाला होता. मला ते कापडातून कळलं. त्याला अजून कळलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तो गीताबाईंच्या वावरात शिरला. पऱ्हाटी कमरेइतकी, फुलावर आलेली. कापसाचं फूल उमललं की मोकळं दिसतं. पण एखादं फूल पाकळ्या मिटून, पीळ देऊन, गुलाबाच्या कळीसारखं बसलेलं असतं. त्याला डोमकळी म्हणतात. आतल्या अळीनेच पाकळ्या शिवून घेतलेल्या असतात. डोमकळी वेळेवर तोडून गाडली तर पीक हाती लागायची आशा असते. आठ-दहा दिवस गेले, अळी बोंडात शिरली, की मग कोणाचं काही चालत नाही.

नौशादला तिसऱ्याच तासात, म्हणजे झाडांच्या तिसऱ्याच ओळीत, एक डोमकळी दिसली. त्याने ती उकलली. आत अळी होती, अजून पुरती गुलाबी न झालेली. शेजारच्या झाडावर दुसरी डोमकळी. पलीकडच्या तासात आणखी.

आणि नौशादला आनंद झाला.

ही ओळ त्याने दोनदा खोडली. मीच ती परत लिहायला लावली. आनंद झाला, तो मी पाहिला, आणि तो मोठा होता. सहा ओढण्या, मधली भिंत, सर.

“काही दिसलं का रे, बापू?” बांधावरून गीताबाईंनी विचारलं.

“नाही, काकू.”

“ये मंग, घासभर खाय.”

बाभळीखाली त्यांनी भाकर सोडली. त्यांच्या हातून भाकर घेताना नौशादच्या मांडीवरची पिशवी कलंडली आणि मी अर्धी बाहेर सांडले. गीताबाईंनी पदराला हात पुसले आणि मला उचलून उन्हात धरलं.

“अगं माय! हे तं आमच्या कवडीचे डाग!”

“तुमाले कसं कळलं?”

“लेका, दोन महिने नखात होता हा रंग माह्या. कितीक घासला, जाये नाही.” त्यांनी मला उलटसुलट केलं. “चांगलं दिसून राह्यलं पण. घेते कोणी याले?”

“नागपूरच्या एक बाई सहा मागतात. पण त्याले कवडीच लागते.”

“सहा!” गीताबाई खो खो हसल्या. “मंग बोंडअळीले आवतन धाड न. म्हणा, नागपूरची बाई वाट पाहून राह्यली, लौकर या.” हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मला नीट घडी घालून त्याच्या हातात दिलं. “आमच्या म्हाताऱ्याले धड दिसत नाही. मले चष्मा सांगतला, तो घेतला नाही. म्हणून म्हटलं, हा पोरगा वावरात शिरला तं बरंच झालं. रंगाचे डोळे तुये. अळी असती तं तुले दिसलीच असती.”

नौशादच्या तोंडातला घास फिरायचा थांबला. मग त्याने तो पाण्याबरोबर गिळला.

घरी आल्यावर तो एका जागी बसेना. पांढऱ्या रेशमाचं पुडकं उघडलं, परत बांधलं. बसस्टँडपर्यंत गेला आणि परत आला, दोनदा. शकूरमिया दाभणाने गादीची कड शिवत होते.

“काऊन घिरट्या घालून राह्यला?”

“अब्बा, गीताकाकूच्या वावरात अळी आहे.”

“सांगतलं ना त्याईले?”

नौशादने रेशमाचं पुडकं परत उचललं. दाभण गादीत अर्ध्यावर थांबला.

“नाही सांगतलं?”

“त्या सहा ओढण्या...”

शकूरमियांनी दोरीवर पाहिलं, माझ्याकडे. मग त्याच्याकडे. “तू शिकला नाही, तुले चार माणसात बोलता येत नाही. मी म्हणो, जाऊ दे, पोरगं नेक आहे.” आणि त्यांनी दाभण ओढून घेतला.

“आत्ता जातो मी.”

“अंधार पडून राह्यला, डोमकळी दिसन का तुले? सकाळी जाय. पण जाय.”

शेडच्या दारात बसून नौशादने सत्यभामाबाईंना लिहिलं, “मॅडम, सहा होणार नाहीत. एक पण होणार नाही. रेशीम परत पाठवतो. कारण रविवारी सांगीन.” उत्तर लगेच आलं. “पत्रिका छापायला गेल्यात रे, नौशाद. हे आधी बोलायचं ना.” त्यांचं बरोबरच होतं. त्याने लिहिलं, “हो.”

ते कारण आज त्या तुमच्याबरोबरच वाचत असतील. ताई-दादांनो, मला सुंदर म्हणा, मला ते आवडतं. तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आता माझाही विश्वास बसलाय. फक्त ‘अजून अशीच’ म्हणू नका. माझ्यासारखी दुसरी व्हायची तर आधी कोणाचं तरी वावर तसं व्हावं लागतं. माझी पद्धत विचारू नका, मला पद्धत नाही. मी एकटीच राहू द्या. आणि नौशादला सर म्हणायचं की नाही ते पुढचं वाचून ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवी झटकून रिकामी खांद्याला अडकवली आणि तो निघाला. मी दोरीवरच राहिले. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, त्याने येऊन सांगितलं तसं सांगते.

गीताबाई चुलीपुढे होत्या. तो दारातच उभा राहून म्हणाला, “काकू, काल मी खोटं बोललो. अळी आहे.”

त्यांनी तव्यावरून नजर वर केली. “कोणत्या तासात?”

“सगळीकडे. मी पाह्यली होती.”

“पाह्यली, अन् मंग बसून माह्या हातचं खाल्लं?”

“हो.”

त्यांनी तवा खाली उतरवला, चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि त्याच्याकडे न बघता वावराची वाट धरली. तो मागून गेला. ऊन चढेपर्यंत दोघं वाकून डोमकळ्या तोडत होती. पिशवी भरली की नौशाद ती नाल्याकाठच्या खड्ड्यात रिकामी करायचा, वरून माती लोटायचा आणि परत येऊन राहिलेला तास धरायचा. गीताबाई दोन तास सोडून पलीकडे होत्या. हाताने चाचपून, फूल डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. इतक्या वेळात त्या त्याच्याशी एकदाच बोलल्या.

“मांगं एक राह्यली.”

तो मागे फिरला आणि त्याने ती तोडली.