येतो म्हणजे काय?

आमच्या कमलाकर सरांचा कोणावरच विश्वास नाही. भिंतीवरचं घड्याळसुद्धा ते दिवसातून दोनदा मोबाइलशी ताडून बघतात. जासईच्या आमच्या कंटेनर यार्डात मॅनेजर होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, नाव 'हालचाल'. जागा सोडली की लिहायचं, परत बसलं की लिहायचं. चहा असो, बाथरूम असो, खुद्द सरांनी बोलावलेलं असो. मी गेटच्या ऑफिसात पास बनवते, रोज पनवेलहून कंपनीच्या बसने येते, सात वर्षं झाली. दुपारच्या नमाजाला उठले तर पहिल्याच दिवशी ग्रुपवर सरांचा सवाल, "किती मिनिटं?" बावीस जणांसमोर. मी 'आठ' लिहिलं. तेव्हापासून अल्लाहसमोर उभी असतानाही माझं अर्धं लक्ष घड्याळात असतं. त्याबद्दल मी या माणसाला कधी माफ करणार नाही.

दाजी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. त्यांचं नावच दाजी, कोणाच्या बहिणीचा नवरा म्हणून नव्हे. आलेला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठे चेपलाय, हे यार्डात फिरून बघायचं आणि टेबलावर येऊन नोंदवायचं, हे त्यांचं काम. म्हणजे दिवसातून वीस वेळा उठणं आलंच. यार्डाच्या मागच्या अंगाला, जिथे रिकामे कंटेनर रचतात, तिथे त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. ते गेलं आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. माणूस रिटायर झाला की ती नोकरी त्याच्या मुलाला किंवा मुलीला द्यायची, अशी आमच्या कंपनीची पद्धत. अट एकच, रेकॉर्डवर डाग नको. दाजींचे सात महिने उरले होते आणि त्यांची मनस्वी बी.कॉम. होऊन घरी बसली होती. त्यांचा सगळा जीव त्या सात महिन्यांत अडकला होता.

"मनस्वी हितं बसल," आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते मला म्हणायचे. "तुझे बाजूला. तू शिकव तिला, बाय."

ग्रुपवर दाजी दोनच शब्द लिहायचे. उठताना 'येतो' आणि परत येऊन बसले की 'हाय'. हाय म्हणजे आहे, जागेवर आहे. त्यांच्या गावात सगळे असंच बोलतात. सरांनी ते इंग्रजीत वाचलं. "हा ग्रुप गप्पांसाठी नाही. हाय-हॅलो बंद," असं त्यांचं उत्तर आलं आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. दाजी मात्र घाबरले.

"अहो, 'आलो' लिहा ना," मी म्हटलं. "आणि उठताना 'जातो' लिहा."

"सर बोल्लं बंद, तर बंद. आनि जातो मी लिवनार नाय. घरातून निगताना जातो कोन बोलतं काय? जातो तो परत येत नाय."

यावर मी काय बोलणार? माझे अब्बा कुवेतला निघायचे तेव्हा दोन-दोन वर्षांसाठी जायचे, तरी दारात 'येतो' म्हणूनच निघायचे. मी विषय सोडला. तेव्हाच हट्ट धरायला हवा होता, पण मला ती गंमत वाटली. झालं असं, की दाजींचं 'हाय' बंद झालं आणि ग्रुपवर नुसतं 'येतो' उरलं.

तीन महिन्यांनी दिल्लीच्या हेड ऑफिसने आमच्या ग्रुपचा तक्ता बनवला. तिथल्या कोणीतरी 'येतो'चा अर्थ 'जागेवर येत आहे' असा लावला आणि ऑफिसातल्या कॅमेऱ्याशी पडताळून पाहिला. दर वेळी 'येतो' लिहिल्यावर मिनिटाभरात खुर्ची रिकामी! तेराशेच्या वर नोंदी, सगळ्या खोट्या. दाजींना पत्र आलं: जागेवर आल्याचं खोटं कळवून गैरहजर राहिल्याबद्दल चौकशी.

दाजींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "मी तर यार्डात होतो," ते म्हणाले. "कंटेनर कोनी मोजले मंग?"

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तुम्ही पनवेलचे. येतो म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं?"

ते बोलणार इतक्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, दिल्लीचा. "जी सर, केबिन में ही हूँ सर," असं म्हणत त्यांनी मोबाइल गोल फिरवून चार भिंती दाखवल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मला त्यांची कीव आली, आणि लगेच दुप्पट रागही आला. स्वतःला इतकं सोसावं लागतं, तर दुसऱ्याला तेच का द्यायचं?

"मी सांगितलं, तर ते विचारतील, तीन महिने चुकीच्या नोंदी होत होत्या तेव्हा तू काय करत होतास," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मला दोन मुलं आहेत, नाझिया."

"दाजींनाही मुलगी आहे."

"मग चौकशीत तू सांग. मी अडवतोय का तुला?" त्यांनी डबा उचलला. "चला, येतो मी," असं म्हणून ते जेवायला निघून गेले. आपण काय बोललो हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

चौकशी व्हिडिओ कॉलवरच झाली. आभा मॅडम म्हणून दिल्लीच्या अधिकारी होत्या. आवाज गोड होता, ऐकून घेत होत्या. मी माझ्या पनवेली हिंदीत सगळं समजावलं. येतो म्हणजे जातो.

"आणि जातो म्हणजे?"

"तेही जातोच, मॅडम. पण तसं बोलत नाहीत. अपशकुन असतो."

"म्हणजे ते 'येतो' लिहून जागा सोडून जायचे?"

"हो. पण यार्डात, कामाला."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"रोज."

"त्यांना कोणी सांगितलं नाही, 'जातो' लिहा म्हणून?"

मी मोठ्या हुशारीने म्हटलं, "मी सांगितलं होतं. ते म्हणाले, नाही लिहिणार."

दाजी माझ्या शेजारी हात बांधून उभे होते. हिंदी त्यांना कळत होती. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. बोललीस ते बरं बोललीस, असंच त्यांना वाटलं असणार.

तासाभराने माझा जबाब छापून आला. कर्मचारी 'येतो' असा संदेश पाठवून जागा सोडत असे, हे साक्षीदाराने स्वतः रोज पाहिले आहे. योग्य शब्द लिहिण्याची सूचना मिळूनही कर्मचाऱ्याने नकार दिला. संपलं. यार्ड नाही, काम नाही, शकुन नाही. मी मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते सांगा, मी काढून टाकते."

खोटं एकही नव्हतं. मी सही केली. माझा करार मार्चमध्ये संपतो, हेही मला त्या वेळी आठवलं. ते आठवलं नसतं तर सही केली नसती, असं म्हणायची माझी हिंमत नाही. आठवड्याभरात दाजींना काढलं. रेकॉर्डवर डाग लागला, मनस्वीची जागा गेली.

पंधरा दिवसांनी दाजी हेल्मेट, बूट आणि ओळखपत्र जमा करायला आले. गेटवरच्या वॉचमनने त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण बाहेरच्या माणसाला पास लागतो. मी पास लिहिला. नाव, गाव, कोणाकडे, कारण.

"मनस्वी विचारते," सामान देऊन परत माझ्या टेबलाशी आल्यावर ते म्हणाले, "बाबा, तुमी काय चोरी केली? तिला मी काय सांगू, बाय?"

त्यांनी बसायला खुर्ची जवळ ओढली, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ग्रुपवर सर होते: "व्हिजिटर १७ मिनिटं आत आहे. का?"

मी वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"जरा बसू काय? गुडघे दुखतात," दाजी म्हणाले.

"नको दाजी," मी म्हटलं. "वेळ झाली तुमची."

त्यांनी ओढलेली खुर्ची परत सरकवली आणि ते निघाले. गेटबाहेर पडेपर्यंत मी त्यांच्यावरून नजर हटवली नाही. बाहेर पडल्याची वेळ टाकायची होती. माझीच मला किळस आली. वेळ मात्र मी बरोबर लिहिली, अकरा बेचाळीस.