शांतता असं लिहू नये

स्वयंपाकघरात झाकण पडलं. फरशीवर एकदा आपटलं, गोल गोल फिरलं आणि थरथरत स्थिरावलं. तिने हेडफोनचा एक कान वर केला. सवयीने मनातल्या मनात ओळही लिहून झाली : झाकण पडतं, फिरतं, थांबतं.

ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी पडद्यावरच्या आवाजांच्या ओळी लिहायच्या, हे तिचं घरबसल्याचं काम. सध्या हाती एक जपानी ॲनिमे मालिका होती. शाळेतला एक मुलगा, एक मुलगी, आणि घडत म्हणाल तर काहीच नाही. तिला "छत्री घे" म्हणायची हिंमत गोळा करण्यात त्या पोराचा अख्खा भाग निघून जायचा.

झाकण पाडणारा नवरा होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला मिळतो तो एकुलता एक सुट्टीचा दिवस, आणि घरात अबोला. आठवडा होत आला होता. नणंद आली होती तेव्हा तो तिच्यासमोर म्हणाला होता, "हिचं बरंय बाबा! शाळकरी पोरांची लफडी बघायची आणि वर पैसे घ्यायचे."

सगळे हसले. तीही हसली. मग आत जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

काम म्हणून नाही, मनापासून आवडायची तिला पडद्यावरची ती दोघं. तिचं स्वतःचं लग्न दोन भेटींत ठरलं. तिसऱ्या भेटीत पत्रिकेचा कागद निवडत होते. कुणी कुणाच्या दारापाशी थबकलं नाही, कुणाचा शब्द घशात अडकला नाही. संसार वाईट नव्हता, पण सुरुवातीचं एक पान कुणीतरी न विचारता उलटलं होतं. ही चुटपुट कधीतरी नवऱ्यालाच सांगायची असं तिच्या मनात होतं. आता कसली सांगते!

आज तिच्या ओळी तपासणाऱ्या बाईंनी भाग परत पाठवला होता. वर एवढंच लिहिलं होतं : 'शांतता असं लिहू नये. शांततेत काय ऐकू येतं ते लिहावं.'

मुलगा मुलीला तिच्या फाटकापर्यंत सोडतो, दोघं उभी राहतात, तो परत फिरतो. संवाद शून्य. तिने हेडफोन घट्ट बसवले आणि डोळे मिटून ऐकलं. दप्तराचा पट्टा घासतो. श्वास आत जातो, शब्द बाहेर येत नाही. बूट जायला वळतो, थांबतो, पुन्हा वळतो. तिने एकेक ओळ मांडली. इतकी गजबज होती त्या शांततेत, आणि ती एका शब्दात गुंडाळून मोकळी झाली होती.

दार ढकलून भिंगरी आत आली, मागे लोटून घेतलं. पाच वर्षांची लेक. या आठवड्यात घरचं टपालखातं तिच्याकडेच होतं.

"आई, बाबा विचारतोय, साखर किती?"

"कसली साखर?"

"चहात. तो करतोय. झाकण पाडलं त्याने. म्हणाला, सांगू नको."

"त्याला सांग, नेहमीची—"

सात वर्षं तो सुट्टीच्या दिवशी चहा करत आला होता. तिची अर्धा चमचा साखर त्याला झोपेतही सांगता आली असती. पडद्यावरच्या त्या पोराने दुसऱ्या भागात मुलीकडे खोडरबर मागितलं होतं. खिशात त्याची स्वतःची दोन होती.

"अजून काय म्हणाला?"

"काही नाही. सकाळपासून तो दारापर्यंत येतो आणि परत जातो. मी विचारलं, हा खेळ आहे का? तर म्हणाला, गप."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. घरात शांतता होती. म्हणजे नळ ठिबकत होता, गॅस बंद झाल्याचा टक आवाज आला, कपबशीत कप किणकिणला. मग पावलं. एरवी दाणदाण चालणारा माणूस. आज मात्र पावलं मोजून टाकल्यासारखी आली आणि दारापाशी थांबली. एक सपात परत जायला वळली. थांबली. पुन्हा दाराकडे वळली.

बशी किणकिणतच होती.

तिने केस कानामागे सारले. कशाला, ते तिलाही कळलं नाही.

भिंगरी एव्हाना मांडीवर चढून पडद्याकडे टक लावून बसली होती. तिथे फाटकापाशी दोघं तशीच उभी होती.

"हे असेच उभे राहणार?" तिने विचारलं.

"हळू बोल. नाही, शेवटच्या भागात बोलतात."

"आधी कोण बोलतं?"

"ती."

भिंगरीने पडद्याकडे पाहिलं, मग दाराखालच्या फटीतून दिसणाऱ्या सावलीकडे. आणि कुजबुजल्यासारखं, पण बाहेर सहज ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने विचारलं,

"आणि आपल्याकडे?"