दोघांसाठी एक खोली

बाबा हॉस्पिटलच्या बॉयलरवर होते. त्यांच्या जागी उभं राहायला दुसरा माणूस नव्हता, त्यामुळे सलग दोन दिवसांची रजा त्यांना कधी मिळालीच नाही. मग आम्ही सहल घरातच काढायचो. दर उन्हाळ्यात एका रविवारी टेबलावर नकाशा पसरायचा, आणि बाबांच्या पंजाखाली सहज झाकला जाईल असा तो डोंगरांतला चिमुकला देश आम्ही आठ दिवस फिरायचो. रस्ते बाबांचे, खाणंपिणं आईचं, आणि कुठल्या तळ्यापाशी थांबायचं ते मी ठरवायचं. बाबा सगळं वहीत लिहायचे, अगदी गाडी घाटात बंद पडली तर काय करायचं इथपर्यंत.

सतराव्या वर्षी माणसाला अक्कल सोडून सगळं येतं. मैत्रीण घरी आली होती. तिच्यासमोरच आईने विचारलं, "यंदा तळ्याकाठी किती दिवस राहायचं गं?"

"पुरे झालं हे नाटक," मी म्हटलं. "कुठे जायचं नाही, यायचं नाही, आणि म्हणे तळं!"

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नव्हता. आईने नकाशाची घडी घातली. पुन्हा मला कुणी कधी विचारलं नाही, आणि मला वाटलं, सुटले.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. मग मी तिकिटं काढली, खरीखुरी, त्याच देशाची, बाबांची आणि माझी. बैल गेला नि झोपा केला! पण आई गेल्यापासून बाबांनी उंबरा ओलांडला नव्हता. जेवायचे तेही माझ्या धाकाने. आता त्यांनाही गमवायची माझी तयारी नव्हती.

त्यांनी तिकिटं बघितली. आतून वही आणून माझ्यापुढे ठेवली.

"रस्ते यात आहेत. तू जाऊन ये."

मी चाळू लागले. सुरुवातीला दरवर्षी तेच: 'तिघांसाठी खोली, खिडकीजवळची खाट पोरीची.' मग माझं सतरावं वर्ष. त्यानंतरच्या पानावर 'दोघांसाठी एक खोली.' त्याच्या पुढेही तेच. अकरा उन्हाळे ही दोघं नकाशावरून माझ्याशिवाय जाऊन आली होती.

"मला सांगितलंत पण नाही, बाबा?"

"तुझी आई दरवर्षी म्हणायची, अहो, पोरीला एकदा विचारून तर बघा. मी विचारलंच नाही. तुझा राग आला होता मला." ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "तिला सांगायचो, विचारलं, नाही म्हणाली."

"म्हणजे आईला शेवटपर्यंत वाटलं, की मी..."

"हो." बाबा रडायला लागले. "अकरा वेळा खोटं बोललो तिच्याशी. आता तुझ्याबरोबर कुठल्या तोंडाने येऊ? खरं सांग, विचारलं असतं तर आली असतीस?"

पहिली नोकरी लागली, परक्या गावी एकटी राहिले, त्याच वर्षी आले असते. धावत आले असते.

"नाही बाबा," मी म्हणाले. "नसते आले."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग चष्मा लावला, आणि गाडी किती वाजताची आहे ते विचारलं.