आनंदाबाईंचा चट्टा आणि मी

मित्रांनो, मला जुना मोबाईल म्हणा, नाहीतर गोपालदादांसारखं सरळ 'डबडं' म्हणा. मला आता राग येत नाही. अल्लीपूरला त्यांच्या घरात तांदळाच्या डब्यामागे मी पडून असतो. काचेला तडा गेला आहे. वीज गेली की टॉर्च म्हणून आठवण होते, तेवढीच. पण याच घरातल्या एका बाईचा हात वाचावा म्हणून मी राबलो आहे. ते आधी ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. मला आठवतं ते हिंगणघाटचं दुकान. तिथून गोपालदादांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या आईंनी, आनंदाबाईंनी, उंबऱ्यावरच मला हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू कॅमेऱ्यावर सांडलं आणि दोन दिवस मला सारं घर लालसर दिसलं! पण काय तो थाट! पोळ्याचे बैल, शेजारची बारशी, सगळ्यांचे फोटो मीच काढायचो. "आमचा मोबाईल लय झकास फोटो काढते," असं सूनबाई दिपाली साऱ्या आळीत सांगायची. मी हुरळून जायचो.

मग करोना आला. बस बंद, बाजार बंद, नाक्यावर पोलीस. त्याच दिवसांत आनंदाबाईंच्या उजव्या कोपराजवळ एक फिकट चट्टा उठला. एकदा भाकरी करताना तवा तिथे टेकला, कातडी पोळली, आणि त्यांना पत्ताच नाही.

"काऊन वो आई, एवढं पोळलं तरी तुमाले समजलं नाई?" दिपालीनं विचारलं.

"जाऊ दे वं, म्हाताऱ्या कातडीले काय समजते!" असं म्हणून त्यांनी पदर ओढून घेतला.

दुपारी मात्र मला घेऊन त्या मागच्या दारी गेल्या आणि नालवाडीच्या बहिणीला, रुख्माबाईंना, फोन लावला. "आपल्या मोठ्या आत्यालेबी असाच चट्टा होता ना वं? महारोग म्हणून तिचं ताट वेगळं केलतं. गोठ्यात बसून जेवाची बिचारी. माह्यं तसं झालं तं?" दुखण्याचं त्यांना एवढं काही वाटत नव्हतं, पण वेगळं ताट त्यांना सोसणार नव्हतं. मी सारं ऐकलं, पण मी कोणाला सांगणार?

गोपालदादांनी ऐकलं, की वर्ध्याच्या त्वचेच्या डॉक्टर प्रेरणा मॅडम हल्ली फोनवर पेशंट पाहतात. आनंदाबाई उसळल्याच. "नाडी नाई पाहाची, हात नाई लावाचा, हा कोन्ता दवाखाना?" शेवटी कशाबशा तयार झाल्या. पण आमच्याकडे फोटो म्हणजे फोटो! त्यांनी अंघोळ केली, ठेवणीतली साडी नेसली, तोंडाला पावडर लावली आणि तुळशीपाशी हात जोडून उभ्या राहिल्या. मीही हौसेनं डोक्यापासून पायापर्यंत सुरेख फोटो काढला.

"यात मला नुसती साडी दिसते," मॅडम म्हणाल्या. "चट्ट्याचा जवळून फोटो पाठवा."

पाठवला. पण त्याआधी आनंदाबाईंनी तोच पावडरीचा हात चट्ट्यावरूनही फिरवला. दिपालीनं पाहिलं, पण सासूला कसं टोकायचं, म्हणून तिनं तसाच फोटो काढला.

मॅडम बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. "फोटोवर निदान करायचं म्हणजे झाकल्या डब्यातली भाजी ओळखायची," त्या कंटाळून स्वतःशीच पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "कोरडी कातडी वाटते. मलम लावा. पण माझी खात्री नाही, फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा."

"पाहा, काई नाई!" आनंदाबाई हसल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

मलमानं काही झालं नाही. पुढे पुढे त्यांच्या हातून पाण्याचा गडू सुटायला लागला. करंगळीत जोरच राहिला नाही. तेव्हा दिपालीनं मला उचललं आणि आनंदाबाईंना शेजारी बसवून मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

"मॅडम, खरं सांगते. त्या दिशी आईनं चट्ट्यावर पावडर लावलीती."

आनंदाबाईंनी मान खाली घातली. वाटलं, आता मॅडम चिडणार. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "घरात कापूस आहे का?"

"घ्या! अल्लीपुरात कापूस विचारता, मॅडम?" दिपाली म्हणाली. आमच्या शिवारात पिकतो तोच.

त्यांनी सांगितलं तसं दिपालीनं मला गडूला टेकवून ठेवलं, कापसाची बारीक वात केली आणि चट्टा ओल्या फडक्यानं पुसून काढला. आनंदाबाईंनी डोळे मिटून घ्यायचे, आणि कापूस लागेल तिथे बोट ठेवायचं. मनगटाला कापूस लागला, त्यांनी बरोबर बोट ठेवलं. दंडाला लागला, तिथेही ठेवलं. मग दिपालीनं चट्ट्यावर कापूस टेकवला. आनंदाबाई तशाच बसून राहिल्या. दिपालीनं पुन्हा टेकवला.

"लाव ना वं पोरी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "काऊन थांबून राह्यली?"

दिपालीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आनंदाबाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हा बहुतेक कुष्ठरोग आहे. घाबरू नका, औषधानं तो बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण नस मला हातानं चाचपून पाहावी लागेल, फोनवर भागणार नाही. उद्याच या, नाक्यावर मी सांगून ठेवते."

"मंग माह्यं ताट?"

"ताट तेच राहील. ताटातून हा रोग कोणाला होत नाही. मी समोर असते ना, तर आत्ता तुमचा हात हातात घेतला असता."

दिपालीनं कापूस बाजूला ठेवला आणि सासूचा हात दोन्ही हातांत धरला. मॅडम फोन बंद करेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला मॅडमनी नस चाचपली, रोग तोच निघाला. गोळ्या चालल्या, बोटांचे व्यायाम झाले. करंगळी थोडी वाकडी राहिली, पण त्या हातानं आनंदाबाई आज भाकरी थापतात आणि सगळ्यांच्या पंगतीत बसून खातात. पुढे घरात नवा मोबाईल आला आणि मी डब्यामागे गेलो. चालायचंच.

मित्रांनो, डॉक्टरांना दाखवताना माझ्यासमोर जसं आहे तसंच धरा. तुम्ही लपवलंत तर मीही खोटंच दाखवणार. आणि एका हातात मोबाईल असला, तर दुसऱ्या हातानं त्या आजारी माणसाचा हात धरा. मला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, पण तेवढं एक काम माझ्याच्यानं होत नाही.