याकोमिना नावाच्या एकवीस जणी

मिडलबर्गच्या दप्तरखान्यातलं वाचनदालन मी सव्वीस वर्षं सांभाळते आहे. पूर्वी सकाळी दहालाच सगळी टेबलं भरायची. जुने कागद स्कॅन होऊन घरोघरी दिसायला लागले तशी माणसं कमी होत गेली आणि शेवटी दर मंगळवारी येणारे मेनेर, म्हणजे श्रीयुत, योब्से तेवढे उरले.

योब्से निवृत्त शाळामास्तर. वय एकोणऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते एका बाईच्या मागावर होते. मात्ये तिचं नाव, एका खलाशाची बायको. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला तीन पत्रं लिहिली, पण वाटेत शत्रूने जहाज पकडलं आणि ती पोचलीच नाहीत. पुढे तिचं काय झालं, हे शोधत योब्से एकोणीस वर्षं जुनी दप्तरं पानापानाने वाचत होते. अक्षर अडलं की मला हाक मारायचे आणि आम्ही दोघं भिंग घेऊन त्या एका शब्दावर वाकायचो.

गेल्या सप्टेंबरात जुनं हस्ताक्षर वाचणारा प्रोग्राम आला. लाखो पानं त्याने आधीच वाचून ठेवली होती. मीच हौसेने म्हटलं, "मेनेर, तुमच्या मात्येचं नाव टाकून बघू या का?"

"बघ बाई. एरवी ती मला दाद देत नाहीच."

तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. मी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तेवढ्यात सापडली. त्या पत्रांनंतर चार वर्षांनी तिने फ्लिसिंगनच्या एका दोर वळणाऱ्याशी लग्न केलं होतं. तीन मुलं झाली. एकाहत्तराव्या वर्षी वारली.

योब्सेंनी पडद्यावरचं वाचलं. मग मूळ पान मागवून तेही वाचलं.

"मला वाटायचं, ती वाट बघत बसली असेल," ते म्हणाले. "बरं केलं तिने."

कोट घातला आणि अकरालाच निघून गेले.

पुढचे तीन मंगळवार ते आले नाहीत. मी फोन केला.

"येऊन करू काय, तान्नेके? सगळं घरीच दिसतंय की."

त्या दिवशी दालनात कुणीच फिरकलं नाही. चार वाजता कुलूप लावलं, दालचिनीचे दोन गोड पाव बांधून घेतले आणि बसने फेरे गावात त्यांच्या घरी गेले.

खोलीत संगणक चालू होता. पडद्यावर एकाच नावाची लांब यादी होती: याकोमिना. त्यांच्या बायकोचं नाव.

"सहज टाकलं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "एकवीस निघाल्या. सगळ्या दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या. ही बघ, साबण विकायची. शेजारणीशी भांडली म्हणून कोर्टात उभी आहे."

"तुमच्या याकोमिना भांडायच्या का हो?"

"फक्त माझ्याशी. तू इकडे ये, यंत्राने इथे काय वाट्टेल ते लिहिलंय."

मी वाकून बघितलं. "बादली. बादली फेकून मारली तिने."

ते बराच वेळ हसले. मग उठून कॉफी करायला गेले, आणि आत भांडी उगाचच वाजत राहिली.

जानेवारीपासून दालन फक्त गुरुवारी उघडतं. योब्से आता ईमेल करतात. पानाचा आकडा आणि अडलेला शब्द, एवढंच. मी वाचून कळवते. परवा उत्तराखाली लिहिलं, 'या की एखाद्या गुरुवारी.'

'पाय दुखतात,' असं उत्तर आलं. त्याखाली नव्या पानाचा आकडा होता.